पद्मिनीचा गिअर ढिला का होतो?

(हा भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना घेतलेले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

या पॉडकास्टवर आपण किल्ले, बंदरं, जुने रेल्वेमार्ग असं बरंच काही बोललोय. आजचा विषय त्यामानाने अगदी छोटा आहे. गाडीच्या गिअरचा दांडा. तोही ढिला झालेला. पण या दांड्यामागे जो इतिहास निघाला, तो मला इटलीपासून कुर्ल्यापर्यंत आणि कुर्ल्यापासून माझ्या घराजवळच्या तारापूरच्या अणुभट्टीपर्यंत घेऊन गेला. म्हणून म्हटलं, सांगूया.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी मी आजोबांची प्रीमियर पद्मिनी घेऊन बोईसरहून चिंचणीला निघालो होतो. गाडी १९७९ ची. आजोबांनी १९८६ मध्ये मुंबईच्या एका पारशी गृहस्थांकडून जुनी घेतली होती. आजोबा गेल्यापासून सहा वर्षं ती घरामागच्या चिंचेखाली उभी. महिन्यातून एकदा स्टार्ट करायची, अंगणात पुढे-मागे करायची, एवढंच. समुद्राची खारी हवा, पावसाळ्यातली ओल, आणि आमचा निष्काळजीपणा. चूक कोणाची असेल तर ती आमचीच.

तर एका वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. मी तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो आणि दांडा हातात नुसताच फिरला. ताकात रवी फिरावी तसा. पहिला नाही, दुसरा नाही, काहीच नाही. गाडी कडेला घेतली आणि बाबांना फोन केला. बाबा शांतपणे म्हणाले, "बस झालं आता. भंगारवाल्याला बोलावतो."

बाबांचंही चुकत नव्हतं. नोंदणीचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आलं होतं. तपासणीला गाडी स्वतःच्या चाकांवर न्यावी लागते, आणि गिअर पडत नसेल तर कशी नेणार? मी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. मी सॉफ्टवेअरवाला. बी.टेक. आहे, पण कॉम्प्युटरमध्ये. पाना हातात धरायचा तर तो उलटा की सुलटा, इथून सुरुवात.

हँड गिअर म्हणजे काय?

ज्यांनी पद्मिनी किंवा जुनी अँबेसेडर चालवलेली नाही, त्यांच्यासाठी आधी हे सांगतो. आजच्या गाडीत गिअरचा दांडा दोन सीटच्या मध्ये, खाली असतो. पद्मिनीत तो स्टीअरिंगच्या दांडीवर, चाकाच्या मागे, डाव्या हाताला असतो. आपल्याकडे याला सगळे 'हँड गिअर' म्हणतात. गंमतच आहे, कारण खालचा गिअरसुद्धा हातानेच टाकतात. पण नाव पडलं ते पडलं.

ही कल्पना अमेरिकेतली. १९३८-३९ च्या सुमारास तिथल्या कंपन्यांनी दांडा जमिनीवरून उचलून स्टीअरिंगवर नेला. कारण साधं होतं. पुढची सीट सलग, बाकड्यासारखी असायची. मधला दांडा काढला की तिथे तिसरा माणूस बसतो. युद्धानंतर ही फॅशन युरोपात आली. १९५३ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात फियाटने आपली नवी '११००-१०३' दाखवली. इटालियन लोक तिला 'मिलेचेंतो' म्हणायचे, म्हणजे अकराशे. इंजिन १०८९ सीसीचं, चार गिअर, आणि दांडा स्टीअरिंगवर.

आता या सोयीची किंमत काय, ते बघा. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत खालच्या दांड्याचं टोक थेट गिअरबॉक्समध्ये जायचं. मध्ये कोणी दलाल नाही. स्टीअरिंगवरच्या दांड्याला मात्र गिअरबॉक्सपर्यंत निरोप पोचवायला सांगाड्यांची एक साखळीच लागते. दांड्याखाली एक शाफ्ट, शाफ्टच्या तळाशी आडवे हात, त्यांना जोडलेले रॉड, रॉडच्या टोकांना सांधे, आणि मग गिअरबॉक्सच्या बाहेरचे हात. यात दोन वेगळे निरोप जातात. दांडा स्वतःकडे ओढला किंवा पुढे ढकलला की गिअरची जोडी ठरते: पहिला-दुसरा की तिसरा-चौथा. मग वर किंवा खाली केला की त्या जोडीतला एक गिअर पडतो.

म्हणूनच माझा घोटाळा नेमका तिसऱ्यातून दुसऱ्यात जाताना झाला. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना जोडी बदलत नाही, दुसऱ्यात येताना बदलावी लागते. जोडी निवडणारा निरोप वाटेतच हरवत होता. पण हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते गाडीखाली झोपल्यावर कळलं.

ही गाडी आपल्याकडे आली कशी?

इथे थोडं मागे जाऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे नाव बहुतेकांना जहाजं आणि साखर कारखान्यामुळे माहीत असतं. विमानाचा कारखाना, जहाजबांधणीचा कारखाना आणि मोटारीचा कारखाना, अशा तीन गोष्टी त्यांनी डोक्यात घेतल्या होत्या. बंगळुरूला १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट निघाली. विशाखापट्टणमला १९४१ मध्ये गोदीची पायाभरणी झाली. मोटारीचं मात्र रखडलं. सर विश्वेश्वरय्यांनी तिसाव्या दशकातच भारतात मोटार कारखाना काढायचा आराखडा मांडला होता, पण युद्धकाळात इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटारी बनण्याची काही घाई नव्हती. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडायला लागल्या. सुरुवातीला त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या होत्या. सुटे भाग यायचे, इथे जोडले जायचे.

जोडणं आणि बनवणं यातला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती, फोर्डही होती. स्वतंत्र भारताच्या सरकारनं विचारलं, की तुम्ही नुसत्या जोडणार की हळूहळू सगळे भाग इथेच बनवणार? १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं शिफारस केली की ज्यांच्याकडे इथे उत्पादन करायची योजना आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनीही जोडणीचा गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. त्याच वर्षी वालचंद हिराचंद वारले. आणि पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, कुर्ल्यातून फियाट ११०० निघायला सुरुवात झाली.

हीच ती आपली 'डुक्कर फियाट'. पुढचं नाक बघून लोकांनी नाव ठेवलं, आणि आजही जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मालक अभिमानाने सांगतो, "माझी डुक्कर आहे." मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं बदलत गेली. १९६४ मध्ये '११०० डिलाइट' आली. सत्तरच्या दशकात फियाटचं नाव जाऊन आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झालं. नाव चितोडच्या राणीचं. पण नाव काहीही असो, लोक मरेपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. माझे आजोबासुद्धा.

आता खरा मुद्दा. इटलीत काय झालं? १९६६ मध्ये फियाटनं '११०० आर' काढली आणि दांडा खाली, जमिनीवर आणला. १९६९ मध्ये तर ही अख्खी गाडीच बंद करून पुढच्या चाकांवर चालणारी '१२८' आणली. म्हणजे ज्यांनी हा हँड गिअर इथे पाठवला, त्यांनी स्वतः तो तेरा वर्षांत सोडून दिला. आणि आपल्याकडे? १९८० गेलं, १९९० गेलं, शेवटच्या काही वर्षांत काही पद्मिनींना खालचा गिअर मिळाला, पण टॅक्सीत हँड गिअर राहिला तो राहिलाच.

का? आपण लगेच 'लायसन्स राज' म्हणून मोकळे होतो, पण ते कसं चालायचं ते बघितलं पाहिजे. किती गाड्या बनवायच्या याला परवाना. परदेशातून नवं यंत्र आणायला परवाना. गाडी विकायची किंमतही सरकार ठरवणार. या किमतीवरून कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रीमियर ऑटोमोबाईल्स विरुद्ध भारत सरकार, हा १९७१ चा निकाल वकिलांच्या अभ्यासात आजही येतो. दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक रांगेत उभं. गाडी नोंदवायची आणि नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट बघायची. ज्या वस्तूसाठी लोक रांग लावून उभे आहेत आणि जिची किंमत तुम्हाला वाढवता येत नाही, ती वस्तू सुधारायला पैसा कोण घालेल? म्हणून दांडा होता तिथेच राहिला.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली. खालचा गिअर, हलकी, पटकन वळणारी. तिथून पद्मिनीचा उतार सुरू झाला. पण तोवर एक वेगळीच गोष्ट घडून गेली होती, आणि ती मला आमच्या मिस्त्रींनी दाखवली.

गाडीखाली

बोईसरमध्ये हँड गिअर बघणारे मिस्त्री आता शोधावे लागतात. चार गॅरेजमध्ये मला "नवीन गाडी असेल तर बोला" असं ऐकायला मिळालं. पाचव्यानं एका काकांचं नाव सांगितलं. वय पंचाहत्तरच्या आसपास. गॅरेज कधीच बंद केलंय, घराच्या ओसरीत हत्यारांची पेटी आहे. ते आले, गाडीत बसलेसुद्धा नाहीत. खिडकीतून हात घालून दांडा दोन बोटांनी हलवला आणि म्हणाले, "बॉक्स चांगला हाय. बुश गेलाय."

"काका, न बघता कसं कळलं?"

"बघायचं तर झोप खाली. मी दांडा हलवतो, तू सांग काय काय हलतं."

गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे लावले आणि मी आत सरकलो. इथे एक गोष्ट नक्की सांगतो, नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली कधीही जाऊ नका. वरून काका दांडा हलवत होते. शाफ्ट हलत होता. शाफ्टचा आडवा हातही हलत होता. पण त्याला जोडलेला रॉड मात्र ढिम्म. बराच वेळाने 'टक्' करून हलायचा. सांध्यात पूर्वी रबराचा बुश होता, तिथे आता काळा चुरा होता. आणि ज्या भोकात पिन बसते ते भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं.

आम्ही ऑफिसात प्रोग्रॅममधली चूक शोधतो ती अशीच. माहिती कुठपर्यंत बरोबर जाते आणि कुठून पुढे चुकते, ती जागा पकडायची. इथे फरक एवढाच की डोळ्यात गंज पडत होता.

मग काकांनी दुसरी परीक्षा घ्यायला लावली. रॉडची कॉटर पिन काढून रॉड सोडवला आणि मला गिअरबॉक्सचा बाहेरचा हात थेट हाताने हलवायला सांगितलं. खट्, खट्, स्वच्छ गिअर पडले. म्हणजे बॉक्स खरंच ठीक होता. या एका परीक्षेनं हजारो रुपये वाचतात. गिअर पडत नाही म्हटल्यावर घाबरून गिअरबॉक्स उतरवणारे कमी नाहीत.

पण एवढ्याशा ढिलाईनं वर दांडा इतका कसा डोलतो? मी हिशेब केला. समजा साखळीत चार सांधे आहेत आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर प्ले आलाय. खाली एकूण दोन मिलिमीटर झाले. आता वरचा दांडा समजा २५ सेंटिमीटर लांब आहे आणि खालचा आडवा हात ५ सेंटिमीटर. म्हणजे खालचा प्ले वर पाचपट होऊन दिसणार. दोनाचे दहा मिलिमीटर. आमच्या गाडीत एकच सांधा पुरता गेला होता, बाकीचे थोडे थोडे. वर दांडा वीतभर हलत होता.

मी म्हटलं, "काका, मग रबर कशाला? पितळेचा घट्ट बुश बनवून घेऊ. पुन्हा झिजायला नको."

ते हसले. "इंजिन चालू कर आणि बॉनेट उघडून बघ."

बघितलं. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर थरथरत होतं. ॲक्सिलरेटर दिला की एका अंगावर झुकत होतं. गिअरबॉक्स इंजिनाला जोडलेला, म्हणून तोही झुकत होता. स्टीअरिंगची दांडी मात्र बॉडीला बांधलेली, ती स्थिर. म्हणजे या साखळीचं एक टोक हलणाऱ्या वस्तूला आणि दुसरं न हलणाऱ्या वस्तूला बांधलेलं आहे. मध्ये कुठेतरी लवचीक काहीतरी पाहिजेच. नाहीतर सगळी थरथर हातात येईल, आणि झटका बसला की गिअर सुटेल. काका म्हणाले, "रबर झिजायलाच हाय. ते झिजलं म्हणून बाकीचं टिकलं."

मी बी.टेक.ला चार वर्षं घालवली, पण झिजण्यासाठीच बसवलेला भाग ही गोष्ट मला इतकी स्पष्ट कोणी सांगितली नव्हती.

आणि तारापूर?

काका मुळात मोटारीचे मिस्त्री नव्हतेच. साठच्या दशकात अणुऊर्जा केंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा ते पोरसवदा हेल्पर म्हणून तिथल्या एका ठेकेदाराकडे लागले होते. आजोबाही पुढे तिथेच फिटर झाले. त्यामुळे दुरुस्ती चालू असताना गप्पा तिकडे वळणारच होत्या.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या आराखड्याच्या. २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. इंधन म्हणून समृद्ध युरेनियम लागायचं आणि ते अमेरिकेकडूनच यायचं, असा १९६३ चा करार. मग मे १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला. अमेरिकेत १९७८ मध्ये अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध कायदा झाला आणि तारापूरचं इंधन अडकलं. शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सनं ते द्यायचं कबूल केलं. इंधनाचं हे असं, मग सुट्या भागांचं काय बोलावं?

या अणुभट्ट्या मुळात प्रत्येकी २१० मेगावॅटच्या. पुढे वाफ बनवणाऱ्या दुय्यम यंत्रांच्या नळ्यांना गळती लागली. ती यंत्रं बाजूला काढली गेली आणि क्षमता १६० मेगावॅटवर आणली. म्हणजे पूर्ण ताकद सोडली, पण चालू ठेवल्या. जगातल्या त्या पिढीच्या बहुतेक अणुभट्ट्या बंद पडून गेल्या, तरी तारापूरच्या कित्येक दशकं वीज देत राहिल्या.

अणुभट्टी कुठे आणि पद्मिनीचा बुश कुठे, हे मलाही कळतं. किरणोत्सर्गाच्या ठिकाणी जी शिस्त आणि जे नियम लागतात त्यांची ओसरीतल्या दुरुस्तीशी तुलनाच नाही. पण एक सूत्र दोन्हीकडे दिसतं. यंत्र बाहेरून आलं. काही वर्षांनी बाहेरचा दोर तुटला. इकडे अमेरिकेनं तोडला, तिकडे फियाट ती गाडीच सोडून पुढे निघून गेली. आणि मागे राहिलेल्या माणसांना त्या यंत्राचा एकूण एक सांधा ओळखायला शिकावं लागलं, कारण दुसरा इलाज नव्हता. बोईसरसारख्या गावात ज्यांनी हे शिक्षण घेतलं, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत.

दुरुस्ती

मूळ मापाचा बुश मी मुंबईत शोधला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या भागांची दुकानं आहेत, तिथे दोन चकरा मारल्या. एका दुकानात मिळाला, पण रबर इतकं जुनं की नखानं तुकडा पडला. येताना प्रीमियर रोडची पाटी दिसली. रस्त्याला नाव राहिलंय, गाड्या मात्र तिथे आता बनत नाहीत.

काका म्हणाले, "बनवू." दुसऱ्या एका गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरचा नवा रबरी बुश आणला. बाहेरचं माप जुळत होतं, आतलं भोक मोठं होतं. मग एमआयडीसीतल्या एका गाळ्यात लेथवाल्याकडून स्टीलची छोटी नळी वळवून घेतली, रबराच्या आत बसणारी. हा लेथवाला चिंचणीचा. त्याच्या घरी डायमेकिंगचा धंदा. आमच्या किनारपट्टीवर हा धंदा पिढ्यान् पिढ्या चालतो: दागिने घडवायचे ठसे पोलादात हातानं कोरायचे. अशा घरातल्या माणसाला मापाचं काही शिकवावं लागत नाही. मी व्हर्नियर कॅलिपरनं मोजून आकडा सांगितला, तर तो म्हणाला, "पिन द्या." पिन घेऊन त्याने नळी वळवली. ती अशी बसली की हवासुद्धा जाऊ नये. चहा पाजला आणि तीनशे रुपये घेतले.

लांबट भोक वेल्डिंगनं भरून पुन्हा गोल पाडलं. नवी पिन, दोन्ही बाजूंना वायसर, नवी कॉटर पिन. जुनी कॉटर पिन सरळ करून पुन्हा वापरायची नाही, हे काकांनी दोनदा बजावलं. बाकीच्या सांध्यांतला गंज काढून ग्रीस भरलं.

शेवटचं काम जुळवणीचं. बॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवायचा. वर दांडा न्यूट्रलच्या जागी धरायचा. आता रॉडच्या आटे असलेल्या टोकाची लांबी अशी ठेवायची की पिन जोर न लावता आपसूक आत गेली पाहिजे. गेली की चेकनट आवळायचा. पिन ठोकून बसवली, तर गिअर पडतो पण पुरता बसत नाही, आणि चालता चालता सुटतो. मला हे जमायला चार प्रयत्न लागले. काका बाजूला खुर्ची टाकून बसले होते, हात लावायला तयार नव्हते. त्यांचे गुडघे खाली वाकत नाहीत हे एक कारण. दुसरं कारण मला नंतर कळलं. ते मला शिकवत होते.

हिशेब

जुन्या गाड्यांबद्दल बोलताना आपण फार हळवे होतो, म्हणून हेही सांगतो. हा दांडा तीस-पस्तीस वर्षं उगाच जास्त राहिला. लोकांनी एका साध्या गाडीसाठी वर्षं मोजली. वालचंदांनी ज्या जिद्दीनं कारखाना काढला, त्या कारखान्याला पुढे नवं काही करायला वाव आणि कारण, दोन्ही उरलं नाही. मारुतीच्या बाजूनं बोलणारे बाबा चूक नाहीत. त्यांनी बस आणि लोकलच्या रांगा बघितल्यात, त्यांना गाडी म्हणजे किल्ली फिरवली की चालणारी वस्तू हवी.

पण गाडी बदलली नाही म्हणूनच तिची विद्या गावोगावी पोचली, हेही तितकंच खरं. तेच मॉडेल, तोच सांधा, तोच बुश, चार दशकं. त्यामुळे शाळा सोडलेल्या पोरालाही ती गाडी आतून-बाहेरून कळायला पुरेसा वेळ मिळाला. नुकसान आणि फायदा एकाच कारणातून आले, त्यामुळे एक ठेवून दुसरं काढता येत नाही. आता नुकसान संपलंय, पण फायदाही हातातून निसटतोय. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून कायमची गेली. वर्तमानपत्रांत गाडीवर खूप लेख आले. तिच्याखाली आयुष्यभर झोपलेल्या माणसांवर मला फारसे दिसले नाहीत.

फेब्रुवारीत गाडी तपासणीला स्वतःच्या चाकांवर गेली आणि पास झाली. त्या संध्याकाळी काकांना शेजारी बसवून चिंचणीच्या समुद्रापर्यंत नेलं. बाबा मागे बसले होते, काही न बोलता. त्याच वळणावर तिसऱ्यातून दुसरा टाकला. पडला. दांडा अजून थोडासा हलतो, बोटभर. मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "एवढा राहू दे."

घरी आल्यावर मी त्या सांध्याचं चित्र काढलं. नळीचा बाहेरचा आणि आतला व्यास, रबराचं माप, भोकाचं माप, रॉडची लांबी, सगळं लिहिलं आणि काकांना दाखवलं. पन्नास वर्षांत ही मापं त्यांनी कधी कागदावर घेतली नव्हती. त्यांनी चष्मा लावला, वही लांब धरली, आणि एक आकडा खोडून बदलायला सांगितला. मी पुन्हा मोजलं. त्यांचंच बरोबर होतं.

तर मंडळी, तुमच्या घरी, वाड्यात, शेजारी अशी एखादी उभी गाडी असेल, आणि ती ओळखणारे एखादे काका अजून असतील, तर त्यांच्यासोबत एक रविवार घालवा. सोबत वही न्या. आणि गाडीखाली ठोकळे लावायला विसरू नका.

भेटू पुढच्या भागात.